अशुद्ध आणि बेशुद्ध

नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात निबंध स्पर्धेतून परत आलेला कागद. विषय होता 'आमच्या गावातली पाणीटंचाई'. लिहिलं होतं छान. टँकर किती वाजता येतो, रांगेत कोण उभं राहतं, हंड्यांपायी कोणाची शाळा बुडते, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. पण कागदावर चार शब्दांभोवती लाल गोल होते : गैरसोय, दररोज, बेजबाबदार, गैरसमज. खाली परीक्षकांचा शेरा : 'विषय चांगला. मांडणी बेशिस्त. उर्दू शब्द टाळावेत.'

तिनं विचारलं, "मॅडम, आमच्या घरी तसं बोलतात, म्हणून माझ्या निबंधात उर्दू येतं का?"

मी मराठी शिकवते आणि उर्दूही शिकवते. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी तरी लायक असायला हवी. उत्तर असं आहे की या चार शब्दांपैकी एकही शब्द तिच्या घरातून आलेला नाही. तिच्या घरी दखनी बोलतात. तिथे गैरसमजाला 'गलतफहमी' म्हणतात. बेजबाबदार माणसाला उर्दूत 'गैरजिम्मेदार' म्हणतात. दररोजला 'रोजाना' किंवा 'हर रोज' म्हणतात. आणि गैरसोय? 'सोय' हा शब्दच उर्दूत नाही. गैरसोय म्हटलेलं लखनौत कळणार नाही, कराचीत कळणार नाही, तेहरानमध्ये तर नाहीच नाही. जगाच्या पाठीवर तो शब्द फक्त मराठी माणसाला कळतो. ती मुलगी हे चारही शब्द मराठीच्या तासाला शिकली. शिकवले मी.

म्हणजे तिनं जे शुद्ध मराठी म्हणून शिकून घेतलं, ते तिला उर्दू म्हणून परत करण्यात आलं. आणि परत करणाऱ्यानं स्वतःच्या एवढ्याशा शेऱ्यात 'बेशिस्त' लिहिलं होतं. त्यातला 'बे' फारसी आहे, हे त्यांच्या लाल पेनाला दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट. तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीचाही कागद त्याच गठ्ठ्यात आला होता. तिच्या निबंधात 'दररोज' दोनदा होता आणि 'गैरसमज' एकदा. एकही गोल नाही. मी कुणाच्या मनात शिरू शकत नाही, पण दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी होते. शब्द तेच होते. वेगळं होतं ते वरच्या ओळीतलं नाव.

हा लेख त्या परीक्षकांवर नाही. त्यांना तसं पाहायला शिकवलं कोणी, यावर आहे. शिकवणाऱ्यांत मीही आहे. बीएडला असताना सरावपाठासाठी मी 'उपसर्ग' हा घटक घेतला होता. मोठा तक्ता केला होता, तीन रकाने पाडून : संस्कृत उपसर्ग, मराठी उपसर्ग, परकीय उपसर्ग. तिसरा रकाना मी लाल शाईनं रंगवला होता. बे, गैर, ना, बद, कम, दर, हर, सर, सगळे त्या लाल रकान्यात. निरीक्षकांनी तक्त्याचं कौतुक केलं. मला चांगले गुण पडले. आपण काय रंगवलं हे कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली.

आता त्याच शाळेतल्या पुढच्या तासाला चला. इंग्रजीचा तास. फळ्यावर तोच घटक : शब्दाच्या आधी काय लावलं की नवा शब्द होतो. इंग्रजीच्या बाई लिहितात : अन, डिस, री, मिस, प्री, नॉन, अँटी. सगळे एका ओळीत. रकाने नाहीत, लाल शाई नाही. 'हॅपी'ला 'अन' लावा, अनहॅपी. 'राइट'ला 'री' लावा, रीराइट. मुलं भराभर शब्द करतात. एकही मूल विचारत नाही की 'री' मूळचा कुठला.

विचारलं तर उत्तर मोठं मजेशीर आहे. 'अन', 'मिस', 'ओव्हर', 'अंडर', 'आउट' हे इंग्रजीचे घरचे, जर्मन कुळातले. 'री', 'डिस', 'प्री', 'सब', 'सुपर', 'नॉन' हे लॅटिनचे, त्यातले बरेच फ्रेंचच्या हातून आलेले. 'अँटी', 'ऑटो', 'टेली', 'हायपर' हे ग्रीक. आमच्या तक्त्याच्या हिशेबानं पाहिलं तर इंग्रजीचा अर्ध्याहून जास्त फळा लाल शाईनं भरेल.

आणि हे फ्रेंच काही पाहुणे म्हणून गेले नव्हते. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढची जवळजवळ तीनशे वर्षं दरबाराची, कोर्टाची, बड्या लोकांची भाषा फ्रेंच राहिली. इंग्रजी ही शेतकऱ्याची, नोकराची, गड्याची भाषा. १३६२ साली कायदा झाला की कोर्टातले वाद इंग्रजीत चालवावेत, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. तो कायदासुद्धा लिहिला होता फ्रेंचमध्ये! त्या सुमारास इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात ते प्रसिद्ध शंभर वर्षांचं युद्ध सुरू होतं. म्हणजे फ्रेंच ही जेत्यांची भाषा, दरबारची भाषा आणि वर शत्रूचीही भाषा. बहामनी, निजामशाही, आदिलशाहीच्या काळातली फारसी मराठीपुढे ज्या दारानं आली, त्याच दारानं. तरी इंग्रजीनं 'री' हाकलला नाही. त्याचं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे.

परका उपसर्ग भाषेत कधीच एकटा येत नाही. तो आधी आख्ख्या शब्दांत दडून येतो. फ्रेंचमधून 'रिटर्न', 'रिसीव्ह', 'रिपेअर' असे तयार शब्द आले. बोलणाऱ्यांनी ते जसेच्या तसे घेतले. असे पुष्कळ शब्द जमले, की ऐकणाऱ्याच्या कानाला शिवण दिसू लागते. 'री' म्हटलं की पुन्हा, 'डिस' म्हटलं की उलट. मग कोणी तरी तो तुकडा उसवतो आणि आपल्या घरच्या शब्दाला लावतो. बिल्ड हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्याचं रीबिल्ड झालं. टेलचं रीटेल झालं. लाइक घरचा, ओन घरचा, त्यांचं डिसलाइक, डिसओन झालं. उलटही घडलं. घरचा 'अन' फ्रेंच पाहुण्यांना जाऊन चिकटला : अनसर्टन, अनएबल, अनप्लेझंट, अनजस्ट. ज्या दिवशी 'री' बिल्डला लागला, त्या दिवशी तो फ्रेंच राहिला नाही. नागरिकत्वाचा दाखला तोच. उपसर्ग कुठून आला याला फार महत्त्व नाही. तो आता कोणाच्या शब्दांना लागतो, हे पाहायचं.

इंग्रजीत हा कारभार गुण्यागोविंदानं चालला असंही नाही. तिथेही शुद्धीवाले झाले. केंब्रिजमधले ग्रीकचे मोठे प्राध्यापक सर जॉन चीक यांनी १५५७ साली एका पत्रात आग्रह धरला की आपली भाषा निर्मळ आणि शुद्ध लिहावी, परक्या उसनवारीनं तिची भेसळ करू नये. त्यांनी बायबलच्या भाषांतरात 'रेझरेक्शन'ऐवजी 'गेनरायझिंग' असा घरचा शब्द घडवून वापरला. पण त्या पत्रात शुद्ध या अर्थी शब्द वापरला 'प्युअर', आणि तो फ्रेंचकडून आलेला! आमच्या परीक्षकांच्या 'बेशिस्त'चा सख्खा भाऊच. पुढे १८७८ साली डॉर्सेटचे कवी विल्यम बार्न्स यांनी व्याकरणाचं पुस्तक लिहिलं आणि ग्रामर हा शब्द ग्रीक म्हणून पुस्तकाच्या नावात 'स्पीचक्राफ्ट' असा शब्द घातला. बार्न्स विद्वान होते, आपल्या बोलीवर प्रेम करणारे होते. त्यांच्याबद्दल मला आदरच वाटतो. पण गेनरायझिंग आज कुणाला ठाऊक नाही आणि मुलं शाळेत ग्रामरच शिकतात.

आता मराठीकडे या. इथेही अगदी हेच घडलं. बेइमान, बेअदब, बेकार, नाराज, नालायक, गैरहजर असे आख्खे शब्द फारसी-अरबीतून आले. लोकांनी ते तोंडात घोळवले. मग कानाला शिवण दिसली. मग मराठी माणसानं 'बे' उसवून घेतला आणि घरच्या शब्दांना लावायला सुरुवात केली : बेघर, बेचव, बेछूट, बेधडक, बेढब, बेसूर, बेताल, बेभान. 'गैर' अरबी, तो मराठीनं 'समज'ला लावला, 'सोय'ला लावला. एवढ्यावर न थांबता थेट संस्कृतला लावला : गैरव्यवहार, गैरवर्तन, गैरप्रकार. 'दर' वर्षाला लागला आणि दरवर्षी झालं. 'ना' तर मराठीनं इंग्रजी शब्दालाही लावला. नापास! डोकं फारसी, धड इंग्रजी, आणि रडणारं पोर मराठी. या शब्दाशिवाय महाराष्ट्रातल्या एकाही घराचा जून महिना गेलेला नाही.

'सर' म्हणजे डोकं, मुख्य. सरकार, सरदार, सरनौबत हे तयार आलेले. त्यातला 'सर' उसवून मराठीनं काय काय केलं पाहा : सरसेनापती, सरन्यायाधीश, सरचिटणीस, सरसंघचालक. यातला एकही शब्द इराणात झालेला नाही. सगळे इथे झाले, इथल्या माणसांनी केले, आणि मानाच्या जागांसाठी केले. त्या शब्दांवर कुणी लाल गोल करत नाही. करूही नये. माझं म्हणणं एवढंच, की सरसेनापतीतला 'सर' मराठी असेल तर माझ्या विद्यार्थिनीच्या गैरसमजातला 'गैर'ही मराठी आहे.

रस्ता खोदला की पाटी लागते, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. दोन शब्दांची पाटी. त्यात अरबी उपसर्ग, मराठी सोय आणि संस्कृत क्षमस्व. पाटी वाचून आजवर कुणी अडखळलं नाही. अडखळायला होतं ते खड्ड्यामुळे.

कोणी म्हणेल, ठीक आहे, आले तर आले, पण त्यांची गरज काय? संस्कृतचे वीस-बावीस उपसर्ग आहेतच. अ आहे, निर् आहे, दुर् आहे. मग 'बे' कशाला? याचं उत्तर या लेखाच्या मथळ्यात आहे. शब्द एकच, शुद्ध. त्याला 'अ' लावला की अशुद्ध, म्हणजे मळलेलं, चुकलेलं. 'बे' लावला की बेशुद्ध, म्हणजे भान हरपलेलं. रुग्णालयाच्या दारात जाऊन कोणी सांगून पाहावं, 'डॉक्टर, माझे वडील अशुद्ध पडले आहेत.' उर्दूत याला बेहोश म्हणतात. मराठीनं होश घेतला नाही, नुसता 'बे' घेतला आणि आपल्या शुद्धीला जोडला. जो फरक आधीच्या उपसर्गांनी होत नव्हता, तो या नव्या उपसर्गानं झाला.

'नाव' घ्या. निनावी पत्र म्हणजे खाली सही नसलेलं. बेनामी जमीन म्हणजे कागदावर एकाचं नाव आणि पैसा दुसऱ्याचा. बदनाम माणूस म्हणजे नाव आहे, पण खराब झालेलं. तिन्हीची अदलाबदल करून बघा. 'बेनामी पत्र' आणि 'निनावी जमीन' म्हटलं की तलाठीसुद्धा गोंधळेल. बेनामी हा शब्द तर भारताच्या इंग्रजी कायद्यानं जसाच्या तसा उचलला. १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा याच नावानं आहे. इंग्रजीला त्या अर्थाचा असा आटोपशीर शब्द आपल्याकडे सापडला नाही, म्हणून तिनं मागून घेतला. मागताना तिला लाज वाटली नाही.

इंग्रजीतही हेच सुख आहे. इम्मॉरल म्हणजे अनैतिक. अमॉरल म्हणजे ज्याला नीतीचा प्रश्नच लागू नाही. एक उपसर्ग लॅटिन, दुसरा ग्रीक. अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला रस नाही. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा त्यात स्वार्थ नाही. क्रिकेटचा पंच डिसइंटरेस्टेड हवा, अनइंटरेस्टेड नको! एक उपसर्ग घरचा, दुसरा बाहेरचा. कधी कधी तर एकाच घरात दोन्ही नांदतात : अनजस्ट पण इनजस्टिस, अनएबल पण इनॅबिलिटी, अनईक्वल पण इनइक्वॉलिटी. उपसर्ग जितके जास्त, तितके अर्थाचे बारीक कप्पे जास्त. सुताराकडे तीन पटाशा असताना त्यातली एक बाहेरगावची म्हणून फेकून द्यायला सांगणारा माणूस सुतारकामाचा मित्र नव्हे.

आणि 'परके' म्हणजे तरी किती परके? फारसी आणि संस्कृत या भाषा एकाच जुन्या कुळातल्या. फारसीतला 'ना' आणि संस्कृतातला 'न' हे भाऊ आहेत. फारसीतला 'हम' (हमदर्दीतला) आणि संस्कृतातला 'सम' हे भाऊ आहेत. 'सर' आणि 'शिर' हेही. संस्कृतातला अ किंवा अन्, इंग्रजीतला अन, लॅटिनमधला इन आणि ग्रीकमधला अ, हे सगळे एका पूर्वजाची लेकरं. सगळ्यात गंमत 'दुश्मन' या शब्दाची. त्यातला 'दुश' म्हणजे संस्कृतातला दुर्, दुस्, आणि 'मन' म्हणजे मनच. दुश्मन म्हणजे दुर्मनस्, वाईट मनाचा. शिक्षकांच्या ओळखीच्या डिसलेक्सिया या शब्दातला ग्रीक 'डिस'ही त्याच दुर्चा भाऊ. म्हणजे ज्याला आपण परका म्हणून दुश्मन समजतो, त्या दुश्मन शब्दाच्या पोटातसुद्धा आपलाच दुर् बसलेला आहे.

अर्थात दिसायला सारखं ते सगळंच नात्यातलं नसतं. फारसीतला 'बद' आणि इंग्रजीतला 'बॅड' यांचा अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, पण दोघांचा काही संबंध नाही. हेही मुलांना सांगायला हवं. शब्दांची कुळी शोधणं हा आनंदाचा उद्योग आहे. माझा विरोध कुळी सांगण्याला नाही. कुळी पाहून पंगतीत कुठे बसवायचं ते ठरवण्याला आहे.

इथे दोन आक्षेप नेहमी येतात, आणि ते टाळून पुढे जाणं बरं नाही.

पहिला आक्षेप छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजव्यवहारकोशाचा. महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यकारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द करवून घेतले, हे खरं आहे आणि ते मोठं काम होतं. नवं सार्वभौम राज्य उभं राहत असताना आपल्या पदांना, खात्यांना, कारखान्यांना आपण नाव देणं हा राजाचा हक्क आहे. पण तो कोश दरबाराच्या शब्दांचा होता. कुठल्या कुणब्यानं घरात 'बे' म्हटलं म्हणून त्याला कोणी टोकलं नाही. त्या काळची मराठी पत्रं वाचली तर त्यांत फारसी शब्द जागोजागी भेटतात. त्याच्याही आधी एकनाथ महाराजांनी अर्जदस्त आणि ताकीदपत्र या दरबारी कागदांचे साचे घेऊन भारुडं रचली. देवाला अर्ज करायला नाथांना फारसी शब्द चालले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, तेव्हा कोणाचे शब्द वापरायचे हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. त्यांनी रूढ केलेले महापौर, दिग्दर्शक यांसारखे शब्द आज आपण सगळे वापरतो, मीही वापरते. चांगला शब्द कोणाकडूनही घ्यावा. नवा शब्द आणण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. बोलणाऱ्याच्या तोंडातला जुना शब्द उपटून काढण्याबद्दल आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे : मराठी आज संकटात आहे, तिला जपायला नको का? जपायला हवं. मराठी शाळांचे वर्ग ओस पडताहेत, गावातलं वाचनालय उघडायला माणूस नाही, मुलांना मराठीत आकडे वाचता येत नाहीत. मी हे रोज पाहते. पण या संकटाचा 'गैर'शी काय संबंध? ज्या समारंभात उर्दू शब्द टाळा म्हणून सांगितलं जातं, त्याच समारंभात प्रोग्राम, गेस्ट, मोमेंटो हे शब्द बिनबोभाट फिरत असतात. आजच्या इंग्रजीपुढे मान खाली घालायची आणि शेकडो वर्षं घरात राहिलेल्या उपसर्गावर डोळे वटारायचे, याला भाषेची काळजी म्हणत नाहीत. कुठे बोललं तर कोणी उलटून बोलणार नाही, याचा तो अंदाज असतो. आणि उलटून न बोलणारी ती बहुधा नववीतली एखादी मुलगी असते.

आता थोडं घरच्यांशी. कारण आपल्यातलेही काही जण हा लेख वाचून खूश होतील आणि म्हणतील, बघा, मराठीत आपले किती शब्द आहेत! नाही. ते आपले नाहीत. म्हणजे मुसलमानांचे नाहीत. 'ना' आणि 'हम' हे इराणात इस्लाम पोचण्याच्या कित्येक शतकं आधीपासून बोलले जात होते. उपसर्गाला धर्म लावणारा तो लाल पेनवाला चुकतो, तितकंच तुम्हीही चुकता. गैरसोय हा शब्द जितका माझा तितकाच माझ्या शेजारच्या कुलकर्णी काकूंचा आहे, कारण तो मराठीचा आहे.

आणि जे म्हणतात की मराठी आपली भाषा नाही, ती फक्त पास होण्यापुरती शिकायची, त्यांना काय सांगायचं? कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्या कित्येक आजी-नानींनी हयातभर बाजार मराठीत केला, भांडणं मराठीत केली, ओव्या मराठीत म्हटल्या. त्यांना कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही. आपण मराठीला परकं म्हणतो तेव्हा त्या परीक्षकांचंच काम सोपं करतो. ते म्हणतात ही भाषा तुमची नाही, आणि आपण मान डोलावतो.

उर्दूतही हा रोग आहेच. एखादा देशी शब्द वापरला की नाक मुरडणारे उस्ताद मी पाहिले आहेत. त्यांना मी इंशा अल्ला खानांची आठवण करून देते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'दरिया-ए-लताफत' या उर्दूच्या व्याकरणात त्यांनी नियम सांगितला : शब्द अरबी असो, फारसी असो, तुर्की असो, पंजाबी असो वा पूरबी, एकदा उर्दूत रुळला की तो उर्दूचा. मूळ भाषेत तो बरोबर की चूक याला महत्त्व नाही. उर्दूत तो जसा चालतो तसा बरोबर. म्हणून तर उर्दूत फारसी 'बे'बरोबर अनपढ, अनमोल, निडर असे अस्सल देशी उपसर्गांचे शब्द सुखानं राहतात. दोनशे वर्षांपूर्वी उर्दूच्या पंडिताला जे कळलं, ते आज मराठीच्या परीक्षेत आणि उर्दूच्या मैफलीत, दोन्हीकडे पुन्हा सांगावं लागतं.

मग त्या मुलीला मी काय सांगितलं? त्या दिवशी तर फार काही सुचलं नाही. एवढंच म्हटलं की तुझं मराठी चांगलं आहे, शुद्ध आहे आणि शुद्धीवरही आहे. ती हसली. पुढच्या आठवड्यात मी उपसर्गाचा घटक पुन्हा घेतला. या वेळी रकाने भाषेचे पाडले नाहीत, अर्थाचे पाडले. 'नसणं' दाखवणारे : अ, निर्, बे, ना, बिन. 'वाईट' दाखवणारे : दुर्, अप, बद, गैर. 'प्रत्येक' दाखवणारे : प्रति, दर, हर. 'मुख्य' दाखवणारे : प्र, महा, सर. मग मुलांना म्हटलं, आता शब्द आणा. तासाभरात फळा भरला. एका मुलानं विचारलं, प्रतिदिन आणि दररोज यांत फरक काय? वर्गात वाद झाला. शेवटी मुलांनीच ठरवलं की नोटिशीत प्रतिदिन लिहायचं आणि आईला दररोज सांगायचं. माझ्या जुन्या तक्त्यातून असा वाद कधी निघाला नव्हता. त्यातून मुलं एवढंच पाठ करत, की परकीय उपसर्ग कोणते ते सांगा, गुण दोन.

'बिन'चं उदाहरण याच संदर्भात सांगते. स्पर्धा परीक्षांच्या काही पुस्तकांत 'बिन' हा उपसर्ग फारसी यादीत टाकलेला दिसतो, बिनशर्त आणि बिनतक्रारच्या शेजारी. तो आहे संस्कृत 'विना'पासून आलेला. फारशी शब्दांच्या संगतीत दिसला म्हणून त्यालाही परका ठरवून टाकलं! शेजारी कोण उभं आहे ते पाहून माणसाची ओळख ठरवली की काय होतं, हे शब्दांच्या बाबतीतही असं दिसून येतं.

पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांना माझी विनंती एकच आहे. शब्दांची कुळी जरूर सांगा, गोष्टीसारखी सांगा. 'री' फ्रेंचांकडून आला, 'बे' इराण्यांकडून आला, 'नापास' तीन भाषांच्या हातून झाला, हे मुलांना फार आवडतं. पण 'परकीय' हा मथळा काढा. ज्या वर्गात काही मुलांना बाहेर रोज कुठे ना कुठे परकं म्हटलं जातं, त्या वर्गाच्या फळ्यावर तो शब्द नुसता व्याकरणाचा राहत नाही.

आणि परीक्षकांना विनंती. कागदावर नावाऐवजी क्रमांक घाला, किंवा वरची ओळ झाकून निबंध वाचा. त्यानंतरही 'गैरसमज' हा शब्द खटकला, तर खुशाल लाल गोल करा. फक्त सगळ्यांच्या कागदावर करा. आणि मग तेवढ्याच लाल पेनानं आपला स्वतःचा शेराही एकदा तपासा.